डब्यातला पहिला फ्यूज

गॅरेजांच्या गल्लीत त्याला सगळे कारणकाका म्हणायचे. नाव पडलं ते त्याच्याच तोंडामुळे. कुणी गाडी घेऊन आलं आणि म्हणालं, "काका, फ्यूज उडालाय, नवा टाका," की काका डोकं वर न करता विचारायचा, "कारण?" गिऱ्हाईक गोंधळायचं. उडाला तो उडाला, त्याला कसलं कारण? काका म्हणायचा, फ्यूज हौसेने मरत नाही. कारण सापडेपर्यंत गाडीची किल्ली परत मिळायची नाही, मग गिऱ्हाईक फुटपाथवर बसून जांभया देवो की बोटं मोडो.

गाळा अरुंद होता. एका बाजूला पत्रेवाला दिवसभर हातोडा घालत बसलेला, दुसऱ्या बाजूला झटपट, काकासारखाच गाड्यांचं वायरिंग करणारा. काकाच्या भिंतीवर वायरींची वेटोळी जाडीप्रमाणे टांगलेली असायची, केसासारखी बारीक डावीकडे आणि करंगळीएवढी जाड उजवीकडे. अंधारात हात घातला तरी हवी ती वायर हाताला लागावी, अशी. हातात घड्याळ नाही, अंगठी नाही. तरुणपणी घड्याळाचा स्टीलचा पट्टा बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम टेकला होता, त्याचा डाग मनगटावर कड्यासारखा उमटून राहिला होता. नवीन माणसाला काका आधी तो डाग दाखवायचा आणि मग कामाला हात लावू द्यायचा.

त्याचं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे हेडलाइटचा एक जुना बल्ब. त्याला दोन वायरी डकवलेल्या. फ्यूज उडालेली गाडी आली की काका त्या फ्यूजच्या जागी हा बल्ब जोडायचा. गाडीत कुठे वायर सोलून पत्र्याला टेकली असेल तर बल्ब भक्क पेटायचा. मग काका डॅशबोर्डाखाली पाठीवर आडवा होऊन वायरींचा जुडगा टीचभर टीचभर हलवत पुढे सरकायचा आणि एक डोळा बल्बवर ठेवायचा. हलवता हलवता एका ठिकाणी बल्ब मिणमिणायचा. दुखणं तिथेच. ती जागा उघडायची, सोलली वायर कापायची, नवा तुकडा जोडायचा, वर नळी चढवायची. बल्ब विझला आणि विझलेलाच राहिला, की मग फ्यूज. या कामात कधी अर्धा दिवस जायचा. पाठ धरायची, डोळ्यात गंज पडायचा. पण बल्ब पेटलेला असताना काकाने कुणाला गाडी दिली, असं गल्लीत एकही माणूस सांगू शकला नसता.

झटपटचं नाव त्याच्या पाटीवरूनच पडलेलं. पंधरा अँपिअरचा फ्यूज उडाला? वीसचा घाल. वीसचा उडाला? तीसचा घाल. तीसचा संपला असेल तर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळ. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आत काम फत्ते. काकाकडून कंटाळून उठलेलं गिऱ्हाईक त्याच्याकडे जायचं आणि हसत निघून जायचं.

"अरे, ती वायर जळेल," काका मधल्या भिंतीवरून ओरडायचा.

"जळली की पुन्हा माझ्याकडेच येईल, काका," झटपट म्हणायचा. "तुमचं गिऱ्हाईक एकदा येतं, माझं चारदा येतं. सांगा, शहाणा कोण?"

यावर गल्ली हसायची. काकाही कधी कधी हसायचा. पोटाला दोघांनाही मिळत होतं.

काकाचा हा हट्ट त्याच्या उस्तादाकडून आलेला. उस्ताद बोलायला फटकळ आणि हाताने पक्का. त्या काळी फ्यूज काचेच्या नळीतले असायचे. नव्या फ्यूजचा डबा आला की उस्ताद त्यातला पहिला फ्यूज गाडीत घालायचा नाही, जाळायचा. बॅटरीवर त्याला लावायचा, पलीकडे हेडलाइटचे बल्ब एकेक जोडत जायचा, फ्यूजवर लिहिलंय त्याच्या दुप्पट ओझं होईपर्यंत. तेवढ्या ओझ्याला तार चटकन तुटली पाहिजे. तुटली तर डबा ठेवायचा. नाही तुटली तर डबा दुकानदाराच्या अंगावर फेकायचा, आणि उस्ताद खरोखरच फेकायचा. काकाने एकदा विचारलं होतं, की चांगला फ्यूज असा फुकट का घालवायचा? उस्ताद म्हणाला होता, "एकाने मरून दाखवलं तरच बाकीच्यांचा भरवसा. मरायच्याच कामाला ठेवलेत ते."

काचेचे फ्यूज गेले, दोन पायांचे रंगीत चपटे फ्यूज आले. दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. झटपटसारख्यांची सोय झाली, आकडा वाचायचे कष्टही वाचले. काका मात्र प्रत्येक नव्या डब्यातला पहिला जाळतच राहिला. गल्लीला तो त्याचा नवस वाटायचा.

मग मेहुण्याने गल्लीच्या तोंडाशी स्पेअर पार्टचं दुकान टाकलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गोड बोलणारा, कामाला वाघ. वडील गेल्यावर आईला त्यानेच सांभाळलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला उचलून न्हाणीघरात नेणं, परत आणून निजवणं, कूस बदलणं, सगळं तो स्वतः करायचा. दुकान उघडायच्या आधी एकदा आणि बंद केल्यावर एकदा. बायकोला त्याचं केवढं कौतुक. गल्लीतली सगळी दुकानं सोडून काकाने माल त्याच्याकडून घ्यायचा, हे कुणी बोलून दाखवायची गरजच नव्हती.

मेहुण्याच्या दुकानातला फ्यूजचा पहिला डबा काकाने आणला आणि सवयीप्रमाणे बॅटरीपुढे बसला. नेमका मेहुणा चहा घेऊन गाळ्यावर आला. काकाने त्याच्यादेखत फ्यूज जाळला. चट्कन तुटला, माल चोख होता. मेहुणा हसला, "वा भाऊजी," म्हणाला आणि चहा ठेवून गेला. पण दोन दिवसांनी काका आणि बायको सासूला भेटायला गेले, तेव्हा चार पाहुण्यांत बसून त्याने विषय काढला. म्हणाला, ताई, भाऊजी माझा माल जाळून बघतात हां, परक्यासारखा. पाहुणे हसले. अंथरुणावरून सासूही हसली. बायको हसली नाही.

घरी आल्यावर तिने पदराला हात पुसत एवढंच विचारलं, "त्याच्या घरी जेवता तेव्हा पहिला घास कुत्र्याला घालून बघता का हो?"

काका म्हणाला, अगं, ही उस्तादाची रीत आहे, यात माणसाचा काही संबंध नाही. ती म्हणाली, उस्ताद कधीच गेला. माझा भाऊ अजून आहे.

त्यानंतर काकाने मेहुण्याचा डबा जाळून पाहिला नाही. भांडण झालं नाही, शपथ घेतली नाही. फक्त पुढचा डबा आणला तेव्हा बॅटरीकडे वळलेला हात तसाच मागे घेतला आणि डबा फळीवर ठेवला. फ्यूज पहिल्यासारखेच चालत राहिले. वर्षं गेली. रीत मोडली आहे हे त्याच्या लक्षातूनही गेलं.

लॉन्ड्रीवाला आला तो व्हॅन घेऊन. दोन हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुवायचं काम त्याला नुकतंच मिळालेलं. गडी खुशीत होता. व्हॅनच्या मागच्या भागात दोन दिवे हवेत आणि दमट कपड्यांचा वास कोंडू नये म्हणून एक छोटा पंखा हवा, असं त्याचं म्हणणं. झटपटने त्याला सांगितलं होतं, गाडीतल्या टेपरेकॉर्डरच्या वायरीतून ओढून देतो, बसल्या बसल्या होईल. पण लॉन्ड्रीवाल्याला ते काही पटलं नाही. कपड्यांची गाडी, म्हणाला, ठिणगी परवडणार नाही. म्हणून तो काकाकडे आला.

काकाला असं गिऱ्हाईक क्वचित मिळायचं. त्याने त्याला शेजारी बसवून घेतलं आणि काम करता करता सगळं सांगितलं. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. आधी बघायचं, की दिवे आणि पंखा मिळून किती ओढतात. दोन्हींवर वॅट लिहिलेले असतात, त्यांची बेरीज करायची आणि बॅटरीच्या बाराने भागायचं. इथे आठ-नऊ येतात. दहाचा फ्यूज घातला तर तो रोज काठावर चालेल, पंखा सुरू होताना कधीतरी उगाच उडेल. म्हणून पंधराचा. पण पंधरा घालायचा तर वायर पंधरापेक्षा जास्त सोसणारी हवी, म्हणजे वायर तापायच्या आत फ्यूज मरेल. म्हणून ही उजवीकडची वायर. आणि फ्यूज कुठे? बॅटरीजवळ, अगदी सुरुवातीला. पंख्याजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावरच राहिली. लॉन्ड्रीवाला शाळेत बसल्यासारखा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे घरात एकाने आधी मार खायचा, बाकीचे वाचतात. आमच्या घरी ते काम माझंच आहे, काका." काकाला हसू आलं.

वायर पत्र्यातून जिथे जाते तिथे रबरी बूच, दर वीतभर अंतरावर पट्टी. दोन दिवस लागले. शेवटी काकाने फळीवरच्या डब्यातून निळा फ्यूज काढला आणि बसवला. लॉन्ड्रीवाल्याने दिवे लावले, विझवले, पुन्हा लावले.

महिना-दीड महिना गेला असेल. भर दुपारी, रहदारीत, लॉन्ड्रीवाल्याच्या व्हॅनला आग लागली.

आधी डॅशबोर्डाखालून धूर आला. तो उतरला, आणि उतरून पळायचं सोडून मागे धावला, कारण मागे दोन हॉटेलांच्या धुतलेल्या, इस्त्री केलेल्या चादरी होत्या. आग तोवर वायरीबरोबर मागे पोचलेली; मागच्या दाराची तापलेली कडी त्याने उघड्या हाताने धरली. चादरी गेल्या, व्हॅन गेली, उजव्या हाताची कातडी कडीला राहिली. हॉटेलांनी काम काढून घेतलं.

बातमी गल्लीत पोचली ती काकाचं नाव घेऊनच. वायरिंग कुणाचं? कारणकाकाचं. मग काय विचारता. पत्रेवाल्याने पहिल्यांदाच हातोडा खाली ठेवून काकाकडे टक लावून पाहिलं. झटपट भिंतीवर कोपरं टेकून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "कारण काय, काका?"

दिवसभर गल्लीत तेच चाललं. चहावाला कप ठेवताना, बॅटरीवाला जाता जाता. कारण काय, काका? काकाने आपण घातलेली वायर मनात पुन्हा पुन्हा हाताखालून घातली. जाडी बरोबर. बूच बरोबर. पट्ट्या बरोबर. फ्यूज पंधराचा, निळा, स्वतःच्या हाताने. चूक सापडेना. चूक सापडली असती तर बरं, असं त्याला वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी गाळा बंद ठेवून तो जळकी व्हॅन ओढून ठेवली होती त्या मैदानात गेला. बल्ब लावण्यात अर्थ नव्हता, विझायला काही उरलंच नव्हतं. तो काळ्या पत्र्यात आडवा झाला आणि वायरीच्या मागोमाग सरकत गेला. मागच्या भागात कपडे टांगायला लॉन्ड्रीवाल्याने नंतर एक लोखंडी दांडा बसवून घेतला होता, तो सापडला. दांड्याचा एक स्क्रू सरळ वायरीतून आरपार गेलेला. म्हणजे कारण सापडलं.

पण काका तिथे थांबला नाही. स्क्रू कुणी ना कुणी मारणारच. वायर आज ना उद्या कुठेतरी घासणारच. फ्यूज त्यासाठीच बसवलेला असतो. तो पुढे बॅटरीपाशी आला. फ्यूजची खोबण अर्धी वितळलेली. चिमट्याने त्याने निळा गोळा ओढून काढला, नखाने खरवडला. प्लास्टिक मेणासारखं ओघळलं होतं. आतली पट्टी अखंड होती. एवढी आग होऊन गेली, आणि मरायच्या कामाला ठेवलेला तेवढा जिवंत.

गाळ्यावर येऊन त्याने फळीवरचा डबा काढला, बॅटरी ओढली आणि बल्ब जोडायला सुरुवात केली. पंधराला तीसचं ओझं. सगळे बल्ब लखलखले. फ्यूज तापला, मऊ झाला, त्याचा वास सुटला, पण पट्टी तुटली नाही. दुसरा लावला. तोही तसाच. तिसराही तसाच. डबा नेहमीचाच, रंग नेहमीचे, आकडेही नेहमीचेच. आतला माल कधीतरी बदलला होता, आणि पहिला फ्यूज जाळला असता तर त्याच दिवशी कळलं असतं.

तो डबा घेऊन मेहुण्याकडे गेला. मेहुण्याने गिऱ्हाईक वाटेला लावलं, शटर अर्धं ओढलं आणि काकाचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खोटं तो बोलला नाही, हे मान्य केलं पाहिजे. माल स्वस्त पडतो म्हणून बदलला, म्हणाला. असा निघेल याची कल्पना नव्हती, पण विचारलंही नव्हतं. सगळी गल्ली हेच फ्यूज घालते, कुणाची गाडी पेटली?

"बाकीचे तिसाचा घालतात," काका म्हणाला. "त्यांना उडायलाच नको असतो. उडेल म्हणून भरवसा ठेवणारा मी एकटाच."

"मग भाऊजी, स्क्रू त्याने मारलाय ना? तेच सांगा. खोटंही नाही."

काका उठला. मेहुण्याने त्याचा हात धरला. डबे आजच काउंटरवरून काढतो, म्हणाला. आईची शपथ. फक्त गल्लीत नाव घेऊ नका.

संध्याकाळी बायकोला सगळं आधीच कळलेलं होतं. ती रडली नाही, भांडली नाही. भाजी चिरत राहिली. शेवटी म्हणाली, त्याचं दुकान बसलं तर आईला कोण उचलणार? त्याच्या बायकोचा आधीच नूर बदललाय. तुम्ही नाव घ्या, तुमचं नाव राहील. आणि आईला इथे आणावं लागेल, ते माझ्यावर.

काकाने नाव घेतलं नाही.

लॉन्ड्रीवाला आठवड्याने आला. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. गल्लीने कान टवकारले, हातोडासुद्धा थांबला. तो आरडाओरडा करायला आला नव्हता. काकाने बसायला स्टूल पुढे केलं तरी उभाच राहिला.

"काका, कारण काय?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

स्क्रूचं सांगता आलं असतं. सगळी गल्ली ते ऐकायला उभी होती, आणि ऐकून काकाच्या पाठीवर थापही मारली असती. काका म्हणाला, "फ्यूज खराब होता. उडायला हवा होता, उडाला नाही."

"असं होतं?"

"होतं. म्हणून घालायच्या आधी डब्यातला एक जाळून बघायचा असतो."

"मग तुम्ही बघितला नव्हता?"

"नाही."

"तुम्हाला माहीत होतं, तरी?"

"हो."

लॉन्ड्रीवाला डाव्या हाताने खिशातून काहीतरी काढायला गेला, ते जमलं नाही, आणि नाद सोडून तो वळला. "मी झटपटकडून उठून तुमच्याकडे आलो होतो, काका," जाता जाता एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून काकाकडची गिऱ्हाइकं झटपटकडे वळली. त्यात नवल नव्हतं. माणूस स्वतःच्या तोंडाने चूक कबूल करतो, मग लोकांनी आणखी कशाची वाट बघायची? काकाने ते सोसलं असतं. पण एका सकाळी झटपटच्या गाळ्यात त्याला फळीवर तोच डबा दिसला. नवा, न फोडलेला. गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या एसीवाल्याकडेही तोच. तो तडक मेहुण्याच्या दुकानापर्यंत गेला, आत गेला नाही. काउंटरवर डब्यांची रास जशीच्या तशी होती. आईची शपथ महिनाभरही टिकली नव्हती.

रात्री तो जेवला नाही. सकाळी बायकोला म्हणाला, आज सांगणार आहे.

तिने चहा गाळला, कप त्याच्या पुढे ठेवला. "सांगा," म्हणाली. "मग संध्याकाळी आईला आणायला तुम्हीच जा. बाहेरच्या खोलीतलं कपाट हलवून ठेवते." आणि तो निघायच्या आत ती खरंच कपाट रिकामं करायला लागली.

काकाने बॅटरी गल्लीच्या मध्यावर आणली. बल्ब फळीवर ओळीने ठोकून आणले होते. येणारीजाणारी माणसं थांबली. पत्रेवाला आला, एसीवाला आला, झटपट हात पुसत आला. काकाने झटपटचाच डबा मागून घेतला, सगळ्यांसमोर फोडला, वरचा निळा फ्यूज काढला. मग दुसऱ्या गल्लीतल्या दुकानातून आणलेला एक निळा फ्यूज शेजारी ठेवला. हाही पंधराचा, तोही पंधराचा, म्हणाला, बघा.

आधी दुसऱ्या गल्लीतला लावला. बल्ब पेटले न पेटले तोच चट् झालं आणि सगळे विझले. मग मेहुण्याचा लावला. बल्ब पेटले आणि पेटलेलेच राहिले. प्लास्टिकचा वास सुटला. फ्यूज वाकला, त्याचं प्लास्टिक ओघळून खाली टपकलं, तरी बल्ब चालूच. काकाने वर पाहिलं.

"हा माल माझ्या मेहुण्याच्या दुकानातला आहे," तो म्हणाला. "लॉन्ड्रीवाल्याच्या गाडीत हाच होता. मेहुणा स्वस्तात आणतो आणि तुम्ही घेता. हा उडत नाही."

मग झटपट खाली वाकला, लखलखणाऱ्या बल्बांकडे पाहिलं, वितळलेल्या फ्यूजकडे पाहिलं.

"आयला," तो म्हणाला, "उडतच नाही?"

"नाही."

"म्हणजे चांदीचा कागद गुंडाळायची कटकटच गेली." तो हसला. "काका, हे आधी नाही का सांगायचं? पंधराच्या जागी पंधराच दिसतो. गिऱ्हाइकाची तक्रार नाही, कुणी पकडायची भानगड नाही."

एसीवाला म्हणाला, खरंच की. बॅटरीवाल्याने विचारलं, दहाचा पण असाच मिळतो का? काकाने बॅटरीवरची वायर सोडवली, बल्ब विझले. पत्रेवाला तेवढा आपल्या गाळ्यात परत गेला, आणि मग हातोडा पुन्हा सुरू झाला.

काकाने बल्बची फळी काखेत मारली. बॅटरी उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली. कुणीतरी हात लावला, कोण ते त्याने पाहिलं नाही.

संध्याकाळी तो घरी गेला तो सासूला आणायला जायच्या तयारीनेच. बाहेरच्या खोलीतलं कपाट भिंतीपासून पुढे ओढलेलं होतं, मागची धूळ झाडलेली होती. बायको फोनवर बोलत होती. बोलून झाल्यावर फोन ठेवला आणि कपाटाला खांदा लावून ते परत भिंतीकडे ढकलू लागली. मेहुण्याचा फोन होता. तो रागावलेला नव्हता. भाऊजींमुळे दुपारपासून डबे हातोहात गेले, म्हणत होता, आणखी मागवायला लागतील. आई बरी आहे, आज दोन घास जास्त जेवली.

"झालं ना?" बायको म्हणाली. "काही बिघडलं नाही ना कुणाचं? देवाने राखलं." कपाट जाग्यावर बसलं. ती हात झटकून आत जाता जाता दारात थांबली. "पण तुम्ही चारचौघांत त्याचं नाव घेतलंत. ते घेतलंतच."

ते ती पुढे कधी विसरली नाही. भावाकडे जायची ती एकटीच जाऊ लागली.

काकाचा गाळा अजून आहे. फ्यूज तो दुसऱ्या गल्लीतून आणतो, येताना पायपीट पडते. प्रत्येक डब्यातला पहिला जाळतो. त्याला आता कुणी कारण विचारत नाही, कारणकाका हे नावही कमी कमी ऐकू येतं.

परवा एक गाडी आली. वायपर चालू केला की फ्यूज उडतो, गाडीवाला म्हणाला. घाईत होता. "काका, तो न उडणारा मिळतो ना इथे, तोच टाका." काकाने जळका फ्यूज काढला, त्या जागी बल्ब जोडला, वायपर चालू केला. बल्ब भक्क पेटला. काका डॅशबोर्डाखाली पाठीवर आडवा झाला आणि वायरींचा जुडगा टीचभर हलवला, आणखी टीचभर हलवला. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मग दार उघडलं आणि म्हणाला, राहू द्या काका, उठा.

काका उठला. बल्ब सोडवून घेतला. गाडी दहा पावलं पुढे जाऊन झटपटच्या गाळ्यापुढे उभी राहिली. बल्ब अजून हातात धरवत नव्हता इतका गरम होता, म्हणून त्याने तो सदऱ्याच्या टोकात धरला आणि थंड व्हायची वाट बघत स्टुलावर बसून राहिला.